‘बस लावली’ आणि ‘एकटाच तर पळाला’ : मॅचनंतरच्या दोन भांडणांची उकल

गोव्यात मोठी मॅच झाली की दुसऱ्या दिवशी तिची चिरफाड बेळगावात होते. २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल-नासर हे संघ एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई स्पर्धेत समोरासमोर आले. रोनाल्डो येणार या आशेवर कितीतरी जणांनी चोर्ला घाट उतरायचं ठरवलं होतं. घाटातले खड्डे ठरल्याप्रमाणे भेटले, रोनाल्डो मात्र भारतात आलाच नाही. सामना अल-नासरनं २-१ असा जिंकला. गोव्याचा एकमेव गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसनं मारला. आणि त्याच सामन्यात एक प्रेक्षक अल-नासरच्या जोआव फेलिक्ससोबत सेल्फी काढायला थेट मैदानात घुसला.

अशा मॅचनंतर बेळगावात, खानापुरात दोन भांडणं हमखास होतात. पहिलं डावपेचांचं: ‘गोलसमोर नुसती बस लावून उभे राहिले गा, ह्याला काय मॅच म्हणायचं?’ दुसरं प्रेक्षकांचं, म्हणजे त्यांच्यामुळे क्लबला होणाऱ्या शिक्षेचं: ‘एक पोरगं पळालं मैदानात. त्यात क्लबचा काय गुन्हा की?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्हींत आपण माणसं मोजतो. हा बचावपटू घाबरला, तो पोरगा येडा. फुटबॉलचे डावपेच आणि फुटबॉलचे नियम मात्र सुटा माणूस क्वचितच बघतात. ते बघतात रांग, फळी, घोळका. हे एकदा लक्षात आलं की दोन्ही भांडणं पुष्कळ सोपी होतात.

आधी मैदान मोजूया

आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. म्हणजे ७,१४० चौरस मीटर. गोलकीपर सोडला तर त्यावर दहा माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला सातशे चौरस मीटरहून जास्त गवत येतं. एवढी जागा कुणीच राखू शकत नाही. त्यामुळे कुठली जागा राखायची यापेक्षा कुठली जागा सोडून द्यायची, हा प्रशिक्षकाचा खरा निर्णय असतो.

पुढे जाऊन समोरच्याच्या बचावपटूंना दमात घ्यायचं ठरवलं, तर त्याला हाय प्रेस म्हणतात. अशा वेळी आपले शेवटचे बचावपटूही मध्यरेषेच्या आसपास येतात आणि त्यांच्या मागे चाळीस-पंचेचाळीस मीटर मोकळं रान राहतं. याउलट सगळ्यांनी मागे येऊन आपल्या पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या चौकोनाच्या, तोंडाशी दोन दाट फळ्या उभ्या केल्या, तर तो लो ब्लॉक. आपण ज्याला ‘बस लावणं’ म्हणतो ते हेच. तेव्हा मागे उरते फक्त बॉक्सची खोली, म्हणजे साडेसोळा मीटर, आणि तिथे गोलकीपर उभाच असतो. वेगवान फॉरवर्डला पळायला जागाच मिळत नाही.

अल-नासरकडे फेलिक्स, सादिओ माने यांच्या तोडीचे खेळाडू. त्यांना चाळीस मीटर मोकळं मैदान देणं म्हणजे काय, हे सांगायला प्रशिक्षकाचा परवाना लागत नाही.

मधला रस्ता बंद, कडेचा उघडा

लो ब्लॉक लावलेल्या संघाकडे बघून सर्वांत जास्त ओरडा कशावर होतो? ‘अरे, विंगला एवढी जागा सोडलीय, कुणी जात का नाही?’ ती जागा बहुतेक वेळा मुद्दाम सोडलेली असते.

गोलची रुंदी ७.३२ मीटर. पेनल्टीचा ठिपका गोलपासून ११ मीटरवर. त्या ठिपक्यावर उभं राहून दोन खांबांकडे बघितलं तर त्यांच्यातला कोन साधारण ३७ अंशांचा भरतो. तसंच समोर राहून २५ मीटरवर मागे आलात, तर तो १७ अंशांवर येतो. आता गोलरेषेपासून अंतर तेच ११ मीटर ठेवा, पण मधून २५ मीटर कडेला सरका. कोन उरतो सहा अंशांच्या आसपास. गोल तेवढाच, पण मारणाऱ्याला दिसतो चिंचोळ्या फटीएवढा. लेले ग्राउंडवर जाऊन कुणीही उभं राहून बघावं, पटेल.

म्हणून लो ब्लॉकचा सगळा जीव मध्यभागी असतो. चार-चारच्या दोन फळ्या, दोघींमध्ये मोजकं अंतर. त्या फटीत चेंडू घेऊन वळायला कुणाला जागा द्यायची नाही. कडेनं या, तिथून गोलसमोर चेंडू टाका (क्रॉस म्हणतात तो), आमचे मधले उंच बचावपटू तो डोक्यानं काढतील, असा हा सौदा असतो. समोरच्याकडे ७० टक्के वेळ चेंडू असला तरी त्यातला बराचसा वेळ तो इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत असतो. टीव्हीवर चेंडू ताब्यात असल्याची टक्केवारी येते, ती पाहून कोण जिंकतंय ते ठरवू नये.

भारतीय संघाचं उदाहरण घ्या. १० सप्टेंबर २०१९ ला दोहामध्ये विश्वचषक पात्रतेचा सामना, समोर त्याच वर्षी आशियाई विजेता झालेला कतार, आणि भारताकडे कर्णधार सुनील छेत्री नाही. कतारनं गोलवर अक्षरशः मारा केला. निकाल ०-०. गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू त्या रात्री भिंत झाला हे खरंच, पण त्याच्यापर्यंत आलेले बरेच फटके दुरून किंवा अडचणीच्या कोनातून यावेत, याची तजवीज पुढच्या फळ्यांनी केली होती.

एक पाऊल उशीर झाला की

या फळीची एक अट असते, ती म्हणजे सगळ्यांनी एकत्र हलायचं. चेंडू डावीकडे गेला की सगळी रांग डावीकडे, चेंडू मागे गेला की सगळी रांग दोन पावलं पुढे. ऑफसाइडचा नियमही रांगेलाच धरून आहे: चेंडू खेळला जातो त्या क्षणी, समोरच्या अर्ध्या मैदानात, हल्ला करणारा खेळाडू चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असेल तर तो ऑफसाइड जागेवर. शेवटचा माणूस बहुधा गोलकीपर असतो, त्यामुळे खरा प्रश्न रांगेतल्या सर्वांत मागच्या माणसाचा. चारपैकी तिघे पुढे सरकले आणि चौथा एक पाऊल मागे राहिला, तर समोरचा सगळा हल्ला ऑनसाइड. चौघांची मेहनत एकाच्या आळसानं गेली.

असा गोल झाला की आपण शेवटी ज्याला चकवलं त्याला शिव्या घालतो. बऱ्याचदा तो बिचारा बरोबर जागेवर असतो आणि चूक वीस मीटर पलीकडे झालेली असते. पुन्हा मॅच बघाल तेव्हा गोलच्या रिप्लेमध्ये चेंडू सोडा, रांग बघा.

‘पण हा भित्रेपणा नव्हे का?’

एफसी गोव्याच्या पाठीराख्यांचं दुखणं इथंच आहे आणि ते समजण्यासारखं आहे. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक असताना, फेरान कोरोमिनास गोलांचा पाऊस पाडत होता तेव्हा, हा क्लब चेंडू पायात ठेवून खेळण्यासाठी ओळखला जायचा. ज्यानं ते दिवस पाहिलेत त्याला गोव्याचा संघ आपल्याच बॉक्ससमोर दाटीवाटीनं उभा दिसला की वाईट वाटणारच.

पण आठवून बघा, १७ मार्च २०१९ ला मुंबईत इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात तोच देखणा गोवा बंगळुरू एफसीकडून ०-१ हरला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेनं डोकं लावलं आणि खेळ खलास.

मला विचाराल तर भित्रेपणा वेगळा आणि मागे बसणं वेगळं. चेंडू मिळाल्यावर संघ काय करतो, यावर फरक कळतो. चेंडू हाती लागताच तीन-चार जण मोकळ्या जागेत सुसाट सुटले, तर मागे बसणं ही दबा धरण्याची पद्धत होती. याला काउंटर म्हणतात. चेंडू मिळाल्यावरही नुसता उंच फटका मारून पुन्हा उभे राहिले, तर टीका करा खुशाल. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोनं उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत एकच गोल खाल्ला, तोही स्वयंगोल. स्पेनविरुद्ध चेंडू जवळपास सगळा वेळ स्पेनकडे होता, आणि घरी स्पेन गेला. त्यांना कुणी भित्रे म्हटलं नाही.

‘मग रोजच का नाही लावत बस?’

कारण ती महाग पडते. मागे बसलेल्या संघाला कॉर्नर जास्त झेलावे लागतात, बॉक्सभोवती फ्री किक जास्त द्याव्या लागतात, आणि सतत सरकून सरकून पायांपेक्षा डोकं आधी थकतं. त्यातून एक गोल लवकर बसला की बेत कोलमडतो. फातोर्ड्यात अल-नासरनं पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल केले होते.

तिथंच शहाणा प्रेक्षक विचारतो, ‘दोन गोल खाल्ल्यावर तरी पुढे यायचं ना?’ ब्रायसनचा गोल झाल्यावर फरक एकाचाच राहिला होता. एका गोलानं मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटापर्यंत सामन्यात असतो. घाईनं उघडा पडलेला संघ मात्र सत्तराव्या मिनिटाला चार खाऊन बसू शकतो. पुढे ५ नोव्हेंबरला रियाधमध्ये अल-नासरनं गोव्याला ४-० असं हरवलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फातोर्ड्याचा २-१ एवढा काही लाजिरवाणा वाटत नाही.

आता दुसरं भांडण: दंड क्लबला का?

मैदानात प्रेक्षक घुसला, बाटली आली, धूर सोडणारा फ्लेअर पेटला, लेसरचा ठिपका गोलकीपरच्या डोळ्यावर आला, तर फुटबॉलच्या नियमांनुसार जबाबदारी क्लबवर येते. क्लबची चूक सिद्ध करावी लागत नाही. ‘आम्ही पोलिस बोलावले होते, तपासणी केली होती’ एवढ्यानं सुटका होतही नाही. फार तर शिक्षा हलकी होते. याला निरपवाद जबाबदारी म्हणू. शिक्षा ताकीद, दंड, स्टँडचा एखादा भाग बंद करणं, इथपासून ते रिकाम्या स्टेडियमात सामना खेळवण्यापर्यंत जाते.

गणपतीतल्या मंडळाचं बघा. विसर्जन मिरवणुकीच्या परवानगीवर सही अध्यक्षाची. मार्ग, वेळ, आवाजाची मर्यादा, सगळं त्या कागदावर. पुढे गाडीवाल्यानं आवाज वाढवला, कुणी अनोळखी पोरानं धिंगाणा केला, तरी पोलिस आधी अध्यक्षाला गाठतात. अध्यक्षानं स्वतः आवाज वाढवला नव्हता हे पोलिसांनाही माहीत असतं. पण गर्दी ज्याच्या नावानं जमली त्यालाच पकडता येतं.

फुटबॉलमध्ये तर दुसरा इलाजच नाही. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोव्हनच्या प्रेक्षकांच्या वर्तनाचं प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं. तिथं मांडला गेलेला तर्क आजही वापरला जातो: युरोपीय फुटबॉल संघटनेचा अधिकार फक्त तिच्या सदस्यांवर चालतो. क्लब सदस्य आहे, प्रेक्षक नाही. प्रेक्षकाला संघटना दंड करू शकत नाही, त्याला नोटीसही देऊ शकत नाही. क्लबलाही ‘माझी चूक नाही’ म्हणून सोडलं, तर नियम कागदावरच राहील.

मैदानात घुसलेल्याला पोलिस वेगळं पकडतातच. पण तो देशाच्या कायद्याचा भाग झाला, फुटबॉलच्या नियमांचा नव्हे.

‘एकासाठी सगळ्यांना शिक्षा, हा कुठला न्याय?’

हा आक्षेप वजनदार आहे आणि मला तो अर्धा पटतो.

आधी न पटणारा अर्धा. निपाणी-चिकोडीकडचे जे वाचक कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जातात, त्यांना हे लगेच कळेल. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. तिथं संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. ईर्षा हीच तिथली मजा आहे, पण मॅच संपल्यावर तीच ईर्षा रस्त्यावर उतरते तेव्हा ‘आमचा त्या पोरांशी संबंध नाही’ असं तालमीला म्हणता येत नाही. गोल झाल्यावर ज्यांच्या जल्लोषावर तुम्ही छाती फुगवता, तीच पोरं दगड मारताना परकी कशी होतील?

आणि गर्दीचं गणित भयंकर असतं. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्यात १६ प्रेक्षक मेले. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेजेल स्टेडियमवर ३९ जण गेले, आणि त्यानंतर एका क्लबला नव्हे, सगळ्या इंग्लिश क्लबांना पाच वर्षं युरोपीय स्पर्धांतून बाहेर ठेवलं गेलं, लिव्हरपूलला सहा. आपल्याच राज्यात ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून मेले. तो क्रिकेटचा जल्लोष होता, भांडण नव्हतंच. सेल्फीवाल्या एकट्या पोरामागून पन्नास जण धावले तर काय होईल, हा विचार करूनच त्या एकट्यालाही गंभीर धरलं जातं.

आता पटणारा अर्धा. रिकामं स्टेडियम ही शिक्षा मला कधीच आवडलेली नाही. त्यात दगड मारणारा आणि लेकीला घेऊन शांतपणे मॅच बघणारा, दोघे एकाच तराजूत जातात. शिवाय शिक्षा व्हावी म्हणून विरोधी क्लबचाच कुणी आपल्या स्टँडमध्ये बसून उपद्व्याप करू शकतो, ही भीती खोटी नाही. इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्यानंतर न्यायालय एखाद्या प्रेक्षकावरच स्टेडियमबंदी घालू शकतं. आपल्याकडे फुटबॉलसाठी असा वेगळा कायदा नाही. तो येईपर्यंत क्लबांनी तिकिटाला नाव जोडलं आणि घुसखोराला स्वतः बंदी घातली, तर निदान ‘आम्ही आमच्या परीनं केलं’ असं सांगून शिक्षा हलकी करून घ्यायला आधार मिळेल.

घोषणा, फलक आणि आपला नाजूक विषय

मग ओरडायचंच नाही का? खुशाल ओरडा. रेफ्रीच्या डोळ्यांविषयी शंका घ्या, ढोल वाजवा, भलामोठा फलक उलगडा. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर बंगळुरू एफसीच्या पाठीराख्यांच्या गटातले, वेस्ट ब्लॉक ब्लूजवाले, नव्वद मिनिटं गात असतात, त्यांना कुणी अडवत नाही.

नियमांना आक्षेप आहे तो खेळाशी संबंध नसलेल्या संदेशाला: राजकीय, धार्मिक, वैचारिक किंवा अपमानास्पद. सीमाभागातल्या माणसाला हे नीट समजून घ्यावं लागेल. कांतीरवावर कुणी सीमाप्रश्नाचा फलक धरला, मराठीत असो वा कन्नडमध्ये, बाजू कुठलीही असो, तरी तो राजकीय संदेश ठरू शकतो, आणि भुर्दंड त्या क्लबला, ज्याचा या वादाशी काडीचा संबंध नाही. मागणी योग्य की अयोग्य हे तिथं कुणी तपासतच नाही. ज्याला ते मांडायचं आहे त्यानं बेळगावातल्या मैदानांवर मांडावं. त्यासाठी आपल्याकडे मैदानं आणि तारखा कमी नाहीत.

‘अन्याय झाला तर संघानं मैदान सोडायचं नाही?’

नाही. ९ डिसेंबर २०१२ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर प्रेक्षकांतून आलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबीला लागला. बागाननं उत्तरार्धात खेळायला नकार दिला. दगड त्यांच्याच माणसाला लागलेला, तरी दोन वर्षांची बंदी आली ती बागानवर. नंतर ती उठवून दोन कोटींचा दंड झाला.

बंगळुरूची गोष्ट तर ताजी आहे. ३ मार्च २०२३ ला कांतीरवावर, जादा वेळेत, केरळा ब्लास्टर्सच्या खेळाडूंची भिंत लागायच्या आधीच बंगळुरूच्या छेत्रीनं फ्री किक मारून गोल केला. झटपट फ्री किक घेण्याची मुभा नियमात आहे. ती देणं शहाणपणाचं होतं का, यावर वाद होऊ शकतो, आणि बेळगावात अजून होतो. पण ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकानं संघ बाहेर बोलावला आणि वाद तिथेच हरला. क्लबला चार कोटींचा दंड, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी. रेफ्रीच्या निर्णयावर तक्रार सामन्यानंतर करता येते. मैदान सोडलं की तक्रारदाराचाच आरोपी होतो.

आपण नेमके कुणाचे प्रेक्षक?

बेळगावचा माणूस राहतो कर्नाटकात, बोलतो मराठी, आणि मॅच बघायला त्याला फातोर्डा जवळ, कांतीरवा पाचशे किलोमीटर लांब. त्यामुळे बंगळुरू–गोवा सामना असला की एकाच घरात दोन रंगांचे शर्ट निघतात. एप्रिल २०२५ मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीत गोवा फातोर्ड्यात २-० असा पुढे होता आणि दोन सामने मिळून बरोबरी झाली होती. भरपाईच्या वेळेत छेत्रीनं हेडर मारला आणि ३-२ अशा एकूण फरकानं बंगळुरू अंतिम फेरीत गेला. त्या रात्री कितीतरी घरांत जेवण गप्पगप्प झालं असेल.

अशा प्रेक्षकानं काही केलं तर जबाबदार कोण? नियम तुमचं राज्य विचारत नाही, मातृभाषाही नाही. पाहुण्या संघासाठी राखलेल्या भागात बसलेला माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, पाहुण्यांचाच पाठीराखा धरला जातो. बाकी स्टेडियमातली शिस्त यजमानाच्या डोक्यावर. तेव्हा बंगळुरूचा निळा शर्ट घालून फातोर्ड्याला जाणार असाल, तर तिकीट काढतानाच पाहुण्यांचा स्टँड कुठला ते विचारून घ्या. गोव्याच्या पाठीराख्यांत बसून छेत्रीच्या गोलवर उडी मारलीत आणि बाचाबाची होऊन बाटली भिरकावली गेली, तर ती कुणीही फेकलेली असो, नोटीस आधी एफसी गोव्याच्या दारात येईल.